बर्फाच्या महिन्यांत पत्नीची केमोथेरपी: घर कसे चालवावे?

तुमच्या प्रश्नातील परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुमच्या पत्नीला मोठ्या आतड्याचा तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग होता आणि त्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. आता ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फ्लुओरोयुरासिल ही औषधे असलेली फोलफॉक्स पद्धतीची केमोथेरपी दर दोन आठवड्यांनी दिली जात आहे. ठरलेल्या बारा फेऱ्यांपैकी दोन झाल्या असून उरलेल्यांपैकी बहुतेक बर्फाच्या महिन्यांत येणार आहेत. रुग्णालय मोटारीने दीड तासावर आहे. घरात चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा आहे, मदतीला तुमच्या आई येऊन राहिल्या आहेत आणि तुमची नोकरीही चालू आहे. उपचार थंडी संपेपर्यंत पुढे ढकलता येतील का, रस्ता बंद झाला तर काय करायचे, आणि सगळ्यांच्या धास्तीत व स्वतःच्या चिडचिडीत घर कसे चालवायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी कर्करोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करते आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णांच्या घरून येणारे फोन घेणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे माझे उत्तर औषधांपेक्षा घराबद्दल अधिक असेल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: उपचार थंडी संपेपर्यंत लांबवू नयेत. शस्त्रक्रियेनंतर शरीरात कुठे सूक्ष्म प्रमाणात कर्करोगाच्या पेशी राहिल्या असल्यास त्यांना वाढायला अवधी मिळू नये, यासाठी ही केमोथेरपी असते. म्हणूनच ती शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा आग्रह धरला जातो. एकदा सुरू झालेले उपचार मध्येच काही महिने थांबवले, तर त्यांचा उपयोग किती उरेल हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मात्र एखादी फेरी हिमवादळामुळे दोन-चार दिवस पुढे गेली, तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही. रक्तातील संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असल्यामुळे एखाद्या आठवड्याचा खंड पडणे ही आमच्याकडे नेहमीची बाब आहे. डॉक्टरांना विचारण्यासारखा वेगळा प्रश्न एकूण कालावधीचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या मोठ्या संयुक्त विश्लेषणानंतर तिसऱ्या टप्प्यातील कमी जोखमीच्या काही रुग्णांना सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचे उपचार दिले जातात. हा निर्णय गाठ किती खोल गेली होती, किती लसीका ग्रंथींमध्ये कर्करोग सापडला आणि कोणती औषधे दिली जात आहेत, यावर अवलंबून असतो. तुमच्या पत्नीसाठी बारा फेऱ्या ठरल्या त्यामागे बहुधा तशीच कारणे असतील, पण ती समजून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

हिवाळ्यामुळे खरा फरक पडतो तो घर आणि रुग्णालय यांच्यामधल्या अंतरात. दीड तासाचा रस्ता बर्फात तीन तासांचा होतो, कधी बंदच होतो. त्यामुळे जे निर्णय एरवी प्रसंग उभा राहिल्यावर घेतले तरी चालतात, ते या महिन्यांत आधीच घेऊन ठेवावे लागतात. पुढे मी जे लिहिणार आहे ते बहुतांशी याच एका गोष्टीबद्दल आहे, आणि ती तापाला जितकी लागू पडते तितकीच मुलांशी बोलण्यालाही.

तापापासून सुरुवात करते, कारण त्यात चूक परवडत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात तापमान एकदा जरी ३८.३ अंश सेल्सिअस आले, किंवा ३८ अंशांवर तासभर टिकले, तरी ती तातडीची स्थिती मानतात आणि रुग्ण पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवले जाते. फोलफॉक्समध्ये पांढऱ्या पेशी कमी होणे सर्रास आढळते, पण त्यासोबत ताप येणे तुलनेने क्वचित घडते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोझॅक’ या मोठ्या चाचणीत पेशी तीव्र प्रमाणात कमी झालेले रुग्ण सुमारे ४१ टक्के होते, तर त्यासोबत ताप आलेले दोन टक्क्यांहूनही कमी. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ‘सकाळपर्यंत थांबून पाहू’ असे म्हणण्याचा परवाना ते देत नाहीत. तुमच्या घराचा नियम असा असावा की ३८ अंश दिसताच फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की बाहेर वादळ असो. फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नका, कारण त्याने ताप झाकला जातो. मळमळीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनमुळेही ताप दबलेला राहू शकतो. म्हणून थर्मामीटर साधारण आकडा दाखवत असला, तरी अंग थरथरत असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा एकदम गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर आकड्याकडे दुर्लक्ष करून फोन करा. तोंडात धरून ताप मोजत असाल, तर बाहेरच्या थंड हवेतून आल्यावर किंवा गरम काही प्यायल्यावर किमान पंधरा मिनिटे थांबा. गुदद्वारातून ताप मोजू नका.

आता अंतराचा प्रश्न. पुढच्या भेटीत कर्करोग विभागाला स्पष्ट विचारा की रस्ता बंद असेल तर ताप आल्यावर आम्ही कुठे जायचे. अनेकदा जवळच्या लहान रुग्णालयात प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन, रस्ता मोकळा झाल्यावर पुढे हलवणे शक्य असते, पण त्या रुग्णालयाला रात्री दोन वाजता प्रथमच फोन गेला तर बराच वेळ समजावण्यात जातो. उपचारांची नावे, शेवटच्या फेरीची तारीख, छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले, शिरेला जोडलेले छोटे उपकरण) बसवलेला असल्याची नोंद, ॲलर्जी आणि विभागाचा चोवीस तासांचा क्रमांक एका कागदावर लिहून तो पत्नीच्या पर्समध्ये, मोटारीत आणि फ्रिजच्या दारावर ठेवा. रुग्णवाहिकेला फोन कराल तेव्हा ‘केमोथेरपी चालू आहे आणि ताप आला आहे’ हेच पहिले वाक्य असू द्या. नुसता ताप आहे म्हटले तर वादळाच्या रात्री तुमचा क्रमांक मागे पडण्याची शक्यता असते.

फेरीच्या तारखांबाबत एक सोय मागून पाहा. फेरीच्या एक-दोन दिवस आधीची रक्ततपासणी घराजवळच्या प्रयोगशाळेत होऊ शकेल का, हे विचारा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी साधारण १५०० च्या आणि प्लेटलेट ७५,००० च्या खाली असल्या, तर ती फेरी बहुधा पुढे जाते. हे तिथे पोहोचल्यावर कळण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी कळलेले बरे. वादळाचा इशारा असेल तर तारीख एक-दोन दिवस सरकवण्याची विनंती तुम्हीच करा. बर्फात धोका पत्करून गाडी हाकत पोहोचल्याने उपचार अधिक गुणकारी होत नाहीत. मळमळीच्या, जुलाबाच्या आणि तुमच्या आईंच्या नेहमीच्या औषधांचा मात्र एका आठवड्याचा जादा साठा घरात असू द्या. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने दिली जात असतील, तर ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि गोठलेली चालत नाहीत. त्यामुळे घरपोच येणारे पार्सल दाराबाहेर पडून राहणार नाही, हे पाहा.

फ्लुओरोयुरासिलचा पंप पत्नी घरी घेऊन येते आणि तो साधारण ४६ तास चालतो. तो फुग्यासारख्या पिशवीचा असेल, तर त्याचा वेग तापमानानुसार बदलतो, आणि हे पुष्कळ कुटुंबांना कोणी सांगितलेले नसते. त्याची प्रवाह नियंत्रित करणारी बारीक नळी त्वचेच्या उष्णतेला धरून बनवलेली असते. ती थंड पडली तर औषध हळू जाते, आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर वेगाने जाते. म्हणून ती नळी चिकटपट्टीने सांगितलेल्या जागी त्वचेलाच लावलेली असावी, पंप आतल्या कपड्यांच्या थरात असावा आणि रात्री तो गरम शेगडीजवळ किंवा गार खिडकीजवळ ठेवू नये. पंप काढायच्या दिवशी रस्ता बंद असेल तर कोण काढणार, हेही आधी ठरवा. काही ठिकाणी परिचारिका घरी येते, काही विभाग घरातल्या माणसाला शिकवतात. रिकामा पंप काही तास तसाच राहिला म्हणून धावपळ करण्याची गरज नसते, पण नळीत रक्त गोठू नये म्हणून ती धुवावी लागते, तेव्हा उशीर होणार हे कळताच विभागाला कळवा. पंप चालू असताना छातीत दुखू लागले तर मात्र थांबू नका. हे औषध क्वचित हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळते. अशा वेळी पंपाची नळी कशी बंद करायची हे आधीच शिकून घ्या आणि थेट रुग्णवाहिका बोलवा. याच कारणासाठी, आणि शक्ती असली तरीही, पत्नीने फावड्याने बर्फ उपसू नये.

पंप चालू असताना आणि तो काढल्यानंतरचे दोन दिवस तिची लघवी, शौच आणि उलटी यांमधून औषधाचा अंश बाहेर पडतो. साफसफाई हातमोजे घालून करावी, झाकण बंद करून दोनदा पाणी सोडावे आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत, एवढी काळजी पुरते. एका ताटात जेवणे, मिठी मारणे, शेजारी झोपणे यांना काही अडचण नाही.

आता ऑक्सॅलिप्लॅटिन आणि थंडी. तुमचे सर्वांत जास्त प्रश्न याबद्दल आहेत आणि ते बरोबरच आहे. हे औषध चेतातंतूंमधील सोडियमच्या मार्गिकांवर परिणाम करून त्यांना अतिसंवेदनशील बनवते, आणि थंडी लागली की ते तंतू विनाकारण पेटतात. फेरीनंतर काही तासांतच सुरू होणारा हा त्रास साधारण चार-पाच दिवस, कधी आठवडाभर राहतो आणि पुढच्या फेऱ्यांत थोडा वाढत जातो. दाराच्या धातूच्या कडीला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखे होते, थंड पाण्याचा घोट काचेसारखा टोचतो, पहिल्या घासाला जबडा आवळतो, बोटे वाकडी होतात. सर्वांत भीतिदायक प्रकार म्हणजे थंड हवा घशात गेल्यावर श्वासच येत नाही असे वाटणे. शरीरातील ऑक्सिजन त्या वेळी व्यवस्थित असतो, पण त्या क्षणी हे कोणालाच पटत नाही. म्हणून या प्रसंगाची तालीम बरी असताना करून ठेवा. घरात यायचे, दोन्ही हातांची ओंजळ किंवा मफलर तोंडानाकावर धरून आपल्याच श्वासाची उबदार हवा घ्यायची, शक्य झाले की कोमट पाण्याचे घोट घ्यायचे, आणि शेजारी असलेल्याने शांत आवाजात बोलत राहायचे. काही मिनिटांत ते ओसरते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, छातीत घरघर होणे, भोवळ येणे यांपैकी काही सोबत असेल, तर ती ॲलर्जी समजून लगेच मदत बोलवावी.

फेरीनंतरच्या आठवड्यात फ्रिज उघडण्याचे काम घरातल्या इतरांनी करावे, किंवा हातमोज्यांची एक जोडी फ्रिजच्या दारालाच अडकवून ठेवावी. नळाचे पाणी आधी कोमट होऊ द्यावे. तोंड येऊ नये म्हणून इतर काही केमोंत बर्फाचे खडे चघळायला सांगतात. शेजारच्या खुर्चीवरील रुग्णाने तसा सल्ला दिला, तरी तो तुमच्या पत्नीसाठी नाही. बाहेर जाताना कानटोपी, दोन थरांचे हातमोजे आणि नाकावरून मफलर घालावा आणि मोटार आधी गरम करून ठेवावी.

मोटार गरम करताना मात्र एक धोका असतो. ती बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, गॅरेजचे दार उघडे असले तरी नको, आणि धुरांड्याच्या नळीसमोरचा बर्फ आधी काढा. वीज गेल्यावर जनरेटर लावत असाल, तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर असावा. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे लक्षण म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकवा. केमोच्या आठवड्यात घरात कोणालाही त्यात वेगळे काही वाटत नाही. त्याच संध्याकाळी तुमच्या आईंचे किंवा मुलाचे डोके दुखू लागले, किंवा पत्नीला बाहेर पडल्यावर बरे वाटून आत आल्यावर पुन्हा त्रास झाला, तर सर्वांनी ताबडतोब घराबाहेर पडावे. या वायूची सूचना देणारा गजर झोपण्याच्या खोल्यांजवळ नसेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तो लावा. शेकोटीची लाकडे आत आणण्याचे कामही पत्नीकडे नको, कारण ओलसर लाकडावर बुरशी असते आणि पेशी कमी असताना तिचे कण फुप्फुसात जाणे घातक ठरू शकते.

तुमच्या आई सुनेला सगळा हिवाळा बाहेर पडू देऊ नये म्हणतात आणि रोज रात्री तिच्या पायांना गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांची माया समजते आणि त्यांना दुखवू नये हेही खरे. पण दुसऱ्या आठवड्यात, थंडीचा त्रास ओसरल्यावर, निसरडे नसलेल्या जागी रोज थोडे चालणे पत्नीसाठी हिताचे आहे. कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि दिवसेंदिवस बसून राहिल्याने ती आणखी बळावते. एकाच पायाला सूज येणे किंवा अचानक धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यास त्याच दिवशी फोन करायचा असतो. ज्या दिवशी बाहेर जाणे शक्य नसेल, त्या दिवशी घरातच दर तासाला फेऱ्या माराव्यात. शेकण्याबाबत मात्र आईंना थांबवावे लागेल. पाय बधिर होऊ लागले की चटका बसल्याचे कळत नाही. पिशवीऐवजी लोकरीचे मोजे घालावेत, आंघोळीचे पाणी दुसऱ्याने हाताने तपासावे आणि बाहेरून आल्यावर पायांची बोटे नजरेने पाहावीत. हे सगळे तुम्ही सांगण्यापेक्षा पुढच्या भेटीत आईंना सोबत न्या आणि परिचारिकेकडून सांगू द्या. सासूने सुनेची काळजी घेण्याची पद्धत बदलायची असेल, तर ते बाहेरच्या माणसाने सांगितलेले घरात सोपे जाते.

संसर्गाबद्दल तुम्ही फार घाबरला आहात. घरातल्या सर्वांनी फ्लूची इंजेक्शनची लस घ्यावी, पत्नीनेही डॉक्टरांना विचारून घ्यावी. जिवंत विषाणूंच्या लसी तिला चालणार नाहीत. मुलांनी शाळेतून आल्यावर हात धुवावेत, घरात कोणाला सर्दी-खोकला झाला तर त्याने मास्क लावावा आणि वेगळे झोपावे. कच्ची फळे-भाज्या पूर्ण बंद करण्याची गरज नाही. पेशी कमी असलेल्या रुग्णांसाठी आखलेल्या कडक आहाराचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. नीट धुतलेले, नीट शिजवलेले आणि ताजे अन्न पुरेसे आहे. मुलांना शाळेतून काढून घरी बसवण्याचा तुमचा विचार सोडून द्या, कारण त्यातून होणारे नुकसान मोठे आहे.

घर चालवण्यासाठी आठवड्याचे वेळापत्रक उपयोगी पडत नाही. तुमच्या घराला आता चौदा दिवसांचा आठवडा आहे. पहिले दोन-तीन दिवस डेक्सामेथासोनमुळे पत्नीला झोप येणार नाही, ती भराभर बोलेल, लहानसहान गोष्टींवर चिडेल, मध्यरात्री कपाटे आवरेल. ते औषध थांबले की तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत ती एकदम खाली येईल, रडेल, कोणाशी बोलणार नाही. हा घसरणीचा भाग घरच्यांना फार जिव्हारी लागतो, कारण त्यात बोललेले शब्द खरे वाटतात. त्या दिवसांत पैशांचे, मुलांच्या भवितव्याचे किंवा भांडणाचे विषय काढू नयेत, एवढे दोघांनी आधी ठरवून ठेवावे. दुसऱ्या आठवड्याचे दिवस त्यामानाने बरे असतात. पाहुणे, शाळेचे कार्यक्रम, दोघांनी मिळून घ्यायचे निर्णय आणि शारीरिक जवळीकही त्या दिवसांत ठेवा. गर्भधारणा मात्र या काळात होता कामा नये, म्हणून साधने वापरावीत. मुलीला हे चौदा दिवस भिंतीवर रंगवून लावायला सांगा. तिला पुढे काय येणार हे दिसते, आणि आईचा राग आपल्यावर नसून चौथ्या दिवसाचा आहे, हे समजावण्याचे काम तो कागद करतो.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलेला प्रसंग मी दोनदा वाचला. तो बर्फात खेळून आला, धावत येऊन त्याने आईचे हात धरले, ती किंचाळून मागे सरकली, आणि त्यानंतर तो तिच्याजवळ जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला याचा एकच अर्थ लागतो: आईला मी नको आहे, किंवा माझ्यामुळे तिला लागले. त्याला बसवून सांगा की औषधामुळे आईच्या हातांना थंडी टोचते, तो त्या औषधाचा गुण आहे, मुलाचा दोष नाही, आणि काही दिवसांनी ते कमी होते. मग त्याला काम द्या. बाहेरून आल्यावर त्याने स्वतःचे हात कोमट पाण्यात धरायचे आणि गालाला लावून पाहायचे, गरम वाटले की आईकडे जायचे. हे पत्नीनेच त्याच्याबरोबर एकदा करावे. या वयाची मुले तीन गोष्टी मनात ठेवून असतात आणि बहुधा विचारत नाहीत: हा आजार माझ्यामुळे झाला का, तो मला होईल का, आणि आई नसेल तेव्हा माझ्याकडे कोण बघेल. प्रश्न येण्याची वाट न पाहता तिन्हींची उत्तरे द्या, आणि आजाराला ‘कर्करोग’ असेच म्हणा. ‘पोटाचे दुखणे’ म्हटले, तर पुढच्या वेळी स्वतःचे पोट दुखल्यावर तो काय समजेल याचा विचार करा. आई मरणार का, असे त्याने विचारलेच, तर ‘डॉक्टर ती बरी व्हावी म्हणून उपचार करत आहेत, आणि काही बदलले तर आम्ही तुला सांगू’ हे खरे उत्तर आहे. ‘कधीच नाही’ असे वचन देऊ नका.

मुलगी खोलीचे दार लावून बसते ही माझ्या मते आजाराइतकीच वयाची गोष्ट आहे. काळजी वाटावी ती उलट बाजूने: चौदा वर्षांच्या मुली अशा घरात गुपचूप दुसरी आई होऊन बसतात, आणि सगळे तिचे कौतुक करतात. तिला दोनच ठरलेली कामे द्या आणि बाकी वेळ तिचा ठेवा. शाळेतल्या एका शिक्षकाला परिस्थिती सांगून ठेवा, पण कोणाला सांगायचे ते तिला निवडू द्या. आठवड्यातून एकदा तुम्ही दोघेच गाडीतून कुठे जा. समोरासमोर न बसता, रस्त्याकडे बघत असताना या वयाची मुले जास्त बोलतात.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात पत्नीचे जेवण, औषधे, मुले, आई आणि नोकरी यांचा हिशेब आहे, तुमच्या झोपेचा कुठेही उल्लेख नाही. ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्यांना तुम्ही ‘सध्या ठीक आहे’ असे उत्तर देता. लोकांना नेमके काम हवे असते. दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढणे हे काम तुमच्याकडून पहिल्यांदा दुसऱ्याकडे गेले पाहिजे. एका शेजाऱ्याला सांगा की बर्फ पडला की फोनची वाट न पाहता सकाळी वाट मोकळी करून द्या, कारण त्या वाटेवरून कधीही रुग्णवाहिका यावी लागेल. असे कारण सांगितले की माणसे टाळाटाळ करत नाहीत. दुसऱ्या कोणाला मुलाला शाळेतून आणण्याचे वार द्या, तिसऱ्याला नातेवाइकांना बातम्या कळवण्याचे. रात्री दहानंतर एकाच गोष्टीची सात जणांना उत्तरे लिहिणारा नवरा मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. तुम्ही घसरून पडलात किंवा तापाने झोपलात तर गाडी कोण चालवेल, याचे नाव आजच ठरवा.

चिडचिडीची लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे. पत्नी आजारी असताना तिचा राग येणे हे निष्ठुरपणाचे लक्षण नाही. अपुरी झोप, पाच वाजता होणारा अंधार आणि कोणाजवळही न बोललेली भीती यांतून तो येतो. सकाळच्या उजेडात अर्धा तास बाहेर चाला, वादळ नसेल त्या प्रत्येक दिवशी. सलग दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही किंवा जगणे नकोसे वाटते, अशी स्थिती तुमची झाली किंवा पत्नीची झाली, तर ती हिवाळ्याची उदासी म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. कर्करोग विभागात बहुधा समाजसेवक किंवा समुपदेशक असतो, आणि तो रुग्णाइतकाच जोडीदारासाठी असतो. बहुतेक पुरुष त्याच्याकडे फार उशिरा जातात.

शेवटी बधिरतेबद्दल, कारण पत्नी ती डॉक्टरांपासून लपवते अशी तुम्हाला शंका आहे. थंडीने होणारा त्रास येतो आणि जातो, पण फेऱ्या वाढत गेल्यावर बोटांना येणारी बधिरता वेगळी असते. ती दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातही उरते. ‘मोझॅक’ चाचणीत उपचारांदरम्यान सुमारे १२ टक्के रुग्णांना ती तीव्र स्वरूपात झाली आणि वर्षभरानंतर तीव्र त्रास एक टक्क्याच्या आसपास राहिला. पण सौम्य बधिरता बऱ्याच जणांना पुढेही राहते. बटणे लावता येत नाहीत, पेन हातातून निसटते, जिना उतरताना पायरी कळत नाही, हे दिसले तर त्या फेरीआधीच सांगायचे असते. उपचार बंद होतील या भीतीने रुग्ण हे लपवतात. प्रत्यक्षात अशा वेळी डॉक्टर ऑक्सॅलिप्लॅटिनची मात्रा कमी करतात किंवा ते थांबवून फ्लुओरोयुरासिल चालू ठेवतात, म्हणजे उपचार सुटत नाहीत. बधिरतेसाठी बाजारातली जीवनसत्त्वे आणि पूरके स्वतःहून सुरू करू नका. वेदना होत असतील तर ड्युलोक्सेटिन या गोळीचा उपयोग होऊ शकतो, ती डॉक्टर ठरवतील. आणखी एक गोष्ट दोघांनाही आधी माहीत असू द्या: शेवटच्या फेरीनंतरही बधिरता दोन-तीन महिने वाढत जाऊ शकते आणि मगच उतरू लागते. म्हणजे उपचार संपून बर्फ वितळल्यावर तिचे पाय हिवाळ्यापेक्षा जास्त बधिर असू शकतील. त्याचा अर्थ आजार परतला असा नाही, पण निसरड्या जागा, गरम पाणी आणि गाडी चालवणे यांबाबतची खबरदारी त्या काळातही तशीच ठेवावी लागेल, आणि पेडल पायाला नीट जाणवते आहे याची डॉक्टरांकडून खात्री होईपर्यंत गाडी तुम्हीच चालवावी.